थोरलीच्या वाट्याची सुई

माझ्या दोन्ही मुलींनी मिळून मला वीस वर्षं वेड्यात काढलं, आणि ते मला कळलं कुठे, तर डॉक्टरीणबाईंच्या टेबलासमोर, परक्या माणसांदेखत. राग जास्त आला तो त्याचाच. घरात कळलं असतं तर निदान हाताशी लाकडी पट्टी तरी होती.

मी शिंपीण आहे. रस्त्याला लागून दुकान, पुढे काचेचं दार आणि कापायचं मोठं टेबल, मधल्या खोलीत मशीनं, त्यामागे आमचं घर. मुलींचे वडील लवकर गेले, पण मशीन थांबलं नाही, म्हणून आम्हीही थांबलो नाही. मुली जुळ्या. एक धाकटीच्या जराशी आधी आली म्हणून थोरली. तिचं थोरलेपण तेवढंच. बाकी सगळी थोरवी धाकटीकडे. पहिलं पाऊल धाकटीनं टाकलं, गल्लीतला कुत्रा धाकटीनं हाकलला, आणि आज शहरातली बस चालवते तीही धाकटीच. थोरली आपली कॉम्प्युटरसमोर बसून पुलांचे नकाशे काढते. शांत, नीटस, आणि सुई म्हटलं की पांढरीफटक.

शिंपिणीच्या पोटी जन्मून सुईची भीती! लोक हसायचे. पण त्याला कारण होतं. पाच-सहा वर्षांची असताना माझी पाठ वळल्याबरोबर ही मशीनवर चढली, स्वतःच चाक फिरवलं आणि सुई नखातून आरपार. वर दवाखान्यात नेऊन धनुर्वाताचं इंजेक्शन. ते नख अजून वाकडंच येतं. तेव्हापासून शिवणाची सुई एक वेळ ती सहन करायची, पण दवाखान्याची नाही.

दोघी दिसायला इतक्या सारख्या, की शाळेतल्या बाईंची रोज तारांबळ उडायची. मग मी तोडगा काढला. गणवेशाच्या कॉलरला मागून एकेक टाका घातला, थोरलीला लाल, धाकटीला निळा. बाईंना सांगून ठेवलं, शंका आली की कॉलर उलटून बघा, मुलगी कोणती ते टाका सांगेल. काय शहाणपण वाटलं होतं मला स्वतःचं! आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ही गोष्ट सांगायची मी.

तर डॉक्टरीणबाईंचं टेबल. जावई नदीवर पूल बांधायला परदेशात गेलेला. काम लांबलं, म्हणून थोरलीनं तिकडे जायचं, बाळंतपणही तिकडेच करायचं असा दोघांचा बेत. बाळाची चाहूल नुकतीच लागली होती. प्रवासासाठी कुठल्या लसी लागतात ते विचारायला आम्ही दोघी आलो होतो. आदल्या आठवड्यात तिचं रक्त तपासायला दिलं होतं. तेव्हा तिनं डोळे मिटून माझा हात असा दाबला होता की दोन दिवस मला कातर नीट धरता येईना.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि बोलायला सरळ. "तुम्ही निघालात त्या देशात डासांतून पसरणारा पीतज्वर आहे," त्या म्हणाल्या. "आत शिरायला त्याची लस घेतलेली असावी लागते. पण ती जिवंत विषाणूची लस. अगदी नाइलाज असल्याशिवाय गरोदर बाईला आम्ही देत नाही. जाणं टाळता येण्यासारखं आहे का?"

थोरलीनं तोंड उघडायच्या आत मीच म्हणाले, "टाळू की. आधी तब्येत."

"दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे." त्यांनी रिपोर्ट आमच्याकडे वळवला. "रुबेलापासून हिला अजिबात संरक्षण नाही. लस कधी घेतली नव्हती का?"

मला हसूच आलं. "तुमचं यंत्र बिघडलंय. हिला शाळेत टोचलंय. त्या काळी मोठ्या वर्गातल्या मुलींना शाळेत येऊन टोचायचे. आणि ही जी एरवी दवाखान्याच्या फाटकापाशी भोकाड पसरायची, ती त्या दिवशी हूं की चूं न करता टोचून आली. दंडाला कापूस लावून! मी सगळ्या गल्लीला सांगितलं होतं, माझी थोरली शूर झाली म्हणून. उलट धाकटीच तापानं फणफणली. तिचे दोन्ही दंड सुजले होते. रात्रभर मी..."

मी काय बोलले ते मलाच ऐकू आलं. दोन्ही दंड.

मी थोरलीकडे पाहिलं. ती आपलं वाकडं नख दुसऱ्या हातानं झाकून बसली होती.

"बोलाव," मी म्हटलं. "बोलाव तिला. बस रस्त्यात उभी करून यायला सांग."

बस काही तिनं उभी केली नाही. पाळी संपवून तासाभरानं आली, खाकी कोट, कमरेला किल्ल्या. दवाखान्याच्या बाकावर थोरली एका टोकाला आणि मी दुसऱ्या टोकाला बसले होते. धाकटीनं आमची तोंडं पाहिली आणि ओळखलं.

"कापूस," ती थोरलीला म्हणाली. "कापूस आठवला का तिला?"

"दोन्ही दंड आठवले," थोरली म्हणाली.

मग सगळं बाहेर आलं. दोघी वेगवेगळ्या तुकड्यांत होत्या. धाकटीची तुकडी आधी टोचून घेऊन आली. थोरली तोवर शाळेच्या संडासात कडी लावून बसली होती. धाकटीनं बाहेरून दार वाजवलं, दोघींनी आत फ्रॉक बदलले, आणि लाल टाक्याचा फ्रॉक घालून धाकटी पुन्हा रांगेत उभी राहिली. बाईंना शंका आली. त्यांनी कॉलर उलटून पाहिली. लाल टाका! धाकटीनं दुसरा दंड पुढे केला. थोरलीच्या दंडावर मग डिंकानं कापूस चिकटवला. डिंक माझ्याच दुकानातला.

"म्हणजे माझ्याच टाक्यानं मला फसवलंत," मी म्हटलं.

"तो टाका नसता ना आई, तर आम्ही पकडले गेलो असतो," धाकटी म्हणाली, आणि हसली. तिचं हे असंच. घर जळत असलं तरी ही आधी विनोद करून घेईल.

मी ओरडले. काय काय बोलले ते आठवत नाही, पण नर्स दारातून डोकावून गेली. चोर ते चोर आणि वर शिरजोर, एवढं म्हटल्याचं आठवतं. थोरलीनं सगळं ऐकून घेतलं. मग उठली, डॉक्टरीणबाईंच्या दारावर टकटक केलं, आणि आत जाऊन बाही वर सारली.

"द्या मला," ती म्हणाली. आवाज कापत होता, दंड कापत होता. "आत्ता द्या. मी ओरडणार नाही."

डॉक्टरीणबाईंनी तिची बाही स्वतः खाली केली. "आता नाही देता येणार. हीसुद्धा जिवंत विषाणूची लस. दिवस जायच्या आधी घ्यायची, मग महिनाभर थांबायचं. तुम्हाला आता ती बाळंतपणानंतरच."

"आणि तोवर मला तो आजार झाला तर?"

"तुम्हाला चार दिवस ताप, अंगावर पुरळ. तुम्ही उठून बसाल. पण या सुरुवातीच्या महिन्यांत बाळाला फार धोका असतो. डोळे, कान, हृदय. मी उगाच भीती घालत नाही. खबरदारी घेता येते, म्हणून सांगते."

वीस वर्षं जिच्यापासून पळाली, ती सुई आज ही मागत होती आणि ती मिळत नव्हती. माझा राग कुठल्या कुठे गेला. नुसती भीती उरली.

संध्याकाळी जावयाचा फोन आला. स्पीकरवर ठेवला होता, म्हणून आम्हा तिघींना ऐकू आलं. तो बिचारा तिची वाट बघत होता. तिकडे घर बघून ठेवलेलं, खिडकीतून नदी दिसते म्हणे.

"मी इथल्या ऑफिसात विचारलंय," तो म्हणाला. "डॉक्टरांचं पत्र असलं की लसीशिवायही आत घेतात. गरोदर बायकांना सूट असते. पत्र तेवढं आण. विमानतळावर कुणी अडवणार नाही."

थोरली खिडकीशी उभी होती. "अधिकारी सोडतील रे," ती म्हणाली. "पण डासांना पत्र वाचता येतं का?"

मग तो म्हणाला, "मला तू इथे हवी होतीस."

"मलाही तिथे यायचं होतं. पण मी येत नाही. आणि तू येशील तेव्हा टोचून ये. काय काय घ्यायचं ते मी कळवते."

फोन ठेवल्यावर ती रडली. धाकटीनं तिच्या डोक्यावर आपली ड्रायव्हरची टोपी घातली, आणि दोघी तशाच बसून राहिल्या. मी आत जाऊन उगाचच एक धड शिवण उसवत बसले.

थोरलीनं आपला कॉम्प्युटर मागच्या खोलीत मांडला आणि कामाला लागली. संसर्ग नको म्हणून दुकानात फारशी यायची नाही. पण माणूस किती दिवस भिंतीकडे बघेल? एका दुपारी गर्दी होती, तेव्हा मापं लिहून घ्यायला तीच पुढे आली. एक बाई आपल्या लहान मुलीला फ्रॉक शिवायला घेऊन आल्या होत्या. मी माप सांगत होते, थोरली टेबलाच्या पलीकडे उभी राहून लिहीत होती. खांदा झाला, छाती झाली. गळ्याचं माप घ्यायला मी पोरीचे केस वर उचलले, आणि माझा हात तिथेच थांबला. कानामागे, मानेवर, बारीक गुलाबी पुरळ.

"थोरले, मागे जा," मी म्हटलं.

"आई, कंबर राहिली..."

"मागे जा म्हणते ना! दार लाव!"

त्या बाई दचकल्या. पोर रडायला लागली. मी टेप पोरीच्या गळ्यातून काढली आणि दुकानाचं दार सताड उघडलं. "बाई, हिला आधी डॉक्टरकडे न्या. फ्रॉक मी फुकट शिवून देईन, पण आत्ता जा."

"उष्णता आहे हो ती," बाई तणतणल्या. "चार दिवस कापूस पिंजतंय सगळं घर, त्याचं अंगावर आलं असेल. असं हाकलतात का गिऱ्हाइकाला?"

"मी हाकलते," मी म्हटलं. "माझ्या घरात पोटुशी पोर आहे."

दोन दिवसांनी त्याच बाईंचा निरोप आला. रुबेलाच निघाला होता. बाई चांगल्या होत्या म्हणून कळवलं तरी. पोर आठवड्यात खेळायला लागली, मला आनंद झाला. पण आमच्या घरात त्या दिवसापासून कुणाला घास गोड लागेना.

थोरलीचं रक्त लगेच तपासलं, आणि मग काही आठवड्यांनी पुन्हा तपासायचं ठरलं. मधले आठवडे कसे गेले ते मी सांगत बसत नाही. ती आपली रोज सकाळी आरशासमोर उभी राहून मान वळवून कानामागे बघायची. पहिल्यांदा रक्त द्यायला गेली तेव्हा माझा हात धरला. दुसऱ्यांदा गेली तेव्हा मी हात पुढे केला, तर म्हणाली, "राहू दे, तुला उद्या कापायचं काम आहे."

रिपोर्ट आला. तिला काही झालेलं नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मधे टेबल होतं, वेळ थोडा होता. नशीब चांगलं."

नशीब! बाहेर पडल्यावर मी दोघींना म्हटलं, "नशिबावर मी कधी एक बटणसुद्धा लावलं नाही. आता या घराला अस्तर लावायचं. बाहेरचं आत यायला नको."

दुसऱ्या दिवशी मशीनवरच्या सगळ्या जणींना टेबलाभोवती उभं केलं. काजं करणारी काजवाली माझ्याकडे सगळ्यात जुनी. तिला विचारलं, "तुला रुबेला झाला होता का? टोचलं होतं का?"

"काय झालं आणि काय टोचलं, ते आई जाणे, आणि आई गेली वरती," ती म्हणाली.

"मग रक्त दे, नाहीतर टोचून घे. ज्या घेणार नाहीत त्यांनी बाळ होईपर्यंत घरून काजं करावीत. पगार पुरा देईन, पण या उंबऱ्याच्या आत पाऊल नको."

कुणी कुरकुरलं, कुणी म्हणालं, तुमच्या लेकीसाठी आम्ही का भोकं पाडून घ्यायची. काजवालीच उलटली त्यांच्यावर. "दिवसभर दुसऱ्यांच्या कपड्याला भोकं पाडता, तेव्हा नाही वाटत काही?" त्यावर सगळ्या हसल्या आणि गाडी पुढे सरकली. नुकतंच लग्न झालेली एक पोर होती. तिला डॉक्टरीणबाईंनी आधी विचारून घेतलं की दिवस गेले नाहीत ना, आणि टोचल्यावर महिनाभर जपा म्हणून सांगितलं. ती लाजून लाल झाली. बाकीच्यांनी मग महिनाभर तिची पाठ सोडली नाही. रोज सकाळी कुणीतरी विचारायची, "काय गं, जपतेस ना?"

धाकटीचं रक्त तपासलं, तर तिला रुबेलापासून पुरेपूर संरक्षण. "असणारच," मी म्हटलं. "दोघींचं खाऊन बसलीय." ती हसली, पण नेहमीसारखी नाही. रात्री भांडी विसळताना म्हणाली, "आई, मला वाटलं होतं मी तिला वाचवतेय."

"ठाऊक आहे मला."

"आत्तासुद्धा तिच्या जागी मला टोचा म्हटलं असतं मी."

"तेच तर," मी म्हटलं. "ते चालत नाही." आणि तिच्या हातातली कढई घेतली, कारण ती एकच जागा पुन्हा पुन्हा घासत होती.

पोट वाढलं. थोरलीचं चालणं बदललं. फ्लूची सुई मधे एकदा झाली. ती म्हणे मेलेल्या विषाणूची, गरोदर बाईनं घेतलेली उलट बरी. ती घेताना तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे तोंड केलं, घामाघूम झाली, नंतर बाकावर आडवी पडली. पण घेतली. आता एक राहिली होती, डांग्या खोकल्याची. तीतच धनुर्वात आणि घटसर्पही येतात. ती शेवटच्या महिन्यांत घ्यायची. नेमक्या त्याच आठवड्यात जावयाची आई, आमच्या विहीणबाई, नातवंडासाठी दुपट्यांची बॅग घेऊन राहायला आल्या.

विहीणबाई मनानं चांगल्या, पण मताच्या पक्क्या. त्यांना सुईचं कळलं आणि चहाचा कप खाली ठेवला. "भरल्या पोटाच्या बाईला टोचायचं? आणि तेही अशा भित्र्या पोरीला? अहो, धसक्यानंच काही व्हायचं. एवढं बरं चाललंय तर कशाला? आमच्या वेळी नव्हतं हे असलं. आम्ही नाही का झालो मोठे?"

"जे मोठे झाले ते आपल्याला दिसतात, विहीणबाई," मी म्हटलं. "जे झाले नाहीत ते कुठून दिसणार?"

मला वाटलं, आता जुंपणार. पण त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "माझ्या पाठचा एक होता. नावही ठेवायचं होतं अजून. खोकताना निळा पडायचा. आई म्हणायची, बाहेरचं काही लागलं त्याला." आणि पुन्हा कप उचलला. चहा तोवर गार झाला होता, तरी तसाच प्यायल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना बघते तर त्या चपला घालून दारात. "मीपण येते," म्हणाल्या. "मांडीवर घ्यायचंय ना मला त्याला? मग विचारून येते, म्हातारीला देतात का ते."

दवाखान्यात आम्ही चौघी. धाकटी पाळी बदलून आली होती. थोरली बाकावर बसली. पांढरी पडली होती. वरच्या ओठावर घाम. धाकटी तिच्या कानाशी वाकली. "संडास त्या बाजूला आहे. कोट बदलायचा का?"

चेष्टाच होती ती. पण थोरलीनं तिच्याकडे असं पाहिलं, की क्षणभर मला वाटलं ही उठणार. खरंच उठली. आणि ती दुसऱ्या बाजूला वळली, डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेली. मागोमाग आम्हीही.

"मला एकदा पुन्हा सांगा," ती खुर्चीत बसत म्हणाली. "ही मी घेतली की बाळाला मिळते?"

"सुई तुम्हाला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमचं शरीर संरक्षण तयार करतं, आणि ते नाळेतून बाळाकडे जातं. जन्मल्यावर पहिले काही आठवडे बाळ इतकं लहान असतं की त्याला स्वतःची लस देता येत नाही. आणि डांग्या खोकला तेव्हाच सगळ्यात वाईट. तेवढे दिवस त्याच्याकडे फक्त तुम्ही दिलेलं असतं."

"म्हणजे त्याला रांगेत उभं राहता येत नाही."

डॉक्टरीणबाईंना काही समजलं नाही. आम्हाला समजलं. धाकटीनं माझा दंड धरला.

"त्याच्या जागी मी उभी राहते," थोरली म्हणाली, आणि बाही वर केली.

नर्सनं दंड पुसला. "तिकडे बघा हं, लक्ष नका देऊ."

"नाही. मला बघू दे."

आणि तिनं पाहिलं. एक हात पोटावर, वाकडं नख वर, दात आवळलेले, डोळे त्या सुईवर. कापत होती, अजूनही कापत होती, ते काही थांबलं नाही. सुई आत गेली, तेव्हा तिच्या तोंडून बारीक हुंकार निघाला, तेवढाच. सुई बाहेर आली. नर्सनं कापूस दाबला, वर पट्टी चिकटवली.

धाकटी रडत होती. खाकी कोटात, किल्ल्या खुळखुळत, लहान पोरीसारखी रडत होती. "वेडे, आता का रडतेस," थोरली तिला म्हणाली. "तू माझ्या वाट्याचं घेतलंस ते माझ्यापर्यंत कधी पोचलंच नाही. हे पोचतं."

विहीणबाई तोवर शेजारच्या स्टुलावर बसून दंड उघडा करून तयार होत्या. "चला, आटपा," त्या नर्सला म्हणाल्या. "नातवंडाला नुसतं पाळण्यात बघायला नाही आले मी."

थोरली उठली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. डोळ्यांत पाणी, आणि तोंडावर लहानपणीचं ते हसू. दंड माझ्याकडे केला.

"घे आई. बघ उचलून."

मी शिंपीण. दुसऱ्याच्या कामावर माझा विश्वास नाही, टाका उलटून बघितल्याशिवाय मी पुढे जात नाही. पट्टीचं टोक धरून मी कापूस उचलला. खाली रक्ताचा एक लाल ठिपका होता, टाक्याएवढा. मी कापूस जागच्या जागी बसवला आणि वरून हात दाबून धरला, बराच वेळ.